रणभूमीतून सायकलवर: आर्देनमध्ये कुटुंबाची माउंटन बाइकिंग सहल कशी आखावी

16 डिसेंबर 1944 च्या पहाटे जर्मन सैन्याने बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या आर्देन भागात अमेरिकन सैन्यावर अचानक हल्ला चढवला. 'बॅटल ऑफ द बल्ज' नावाने ओळखली जाणारी ही लढाई जानेवारीच्या अखेरीपर्यंत बर्फात चालली. आज त्याच टेकड्यांमधून माउंटन बाइकिंगच्या उत्तम वाटा जातात.

मुलांना घेऊन जायला हा भाग मला फार योग्य वाटतो, कारण ही लढाई मुळात रस्त्यांसाठी होती. दाट जंगल, खोल दऱ्या, मोजके पूल यांमुळे रणगाड्यांना रस्ता सोडून फारसं कुठे जाताच येईना. बास्तोन्य या छोट्या गावात सात मोठे रस्ते एकत्र येत होते, म्हणून ते दोन्ही बाजूंना हवं होतं. नकाशा पाहून हे समजतं, पण दरीतून पठारापर्यंत सायकल चढवली की मुलांना ते कायमचं कळतं. म्हणून 'किती स्थळं पाहिली' याचा हिशेब सोडा आणि जमीन कळेल अशी आखणी करा.

1. महिना ठरवा

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे घाई होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, तेव्हा ऊर्त नदीकाठच्या गावांत गर्दी होते आणि राहण्याची जागा बरीच आधी ठरवावी लागते. ऑक्टोबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत जंगलाचे काही भाग बंद ठेवतात आणि वाटेच्या तोंडाशी तारखांचे फलक लावतात. फलकावर त्या दिवसाची तारीख असेल तर आत जायचं नाही, वाट कितीही रिकामी दिसली तरी.

2. मुक्काम एकच ठेवा

रोज सामान बांधून नव्या गावी जाण्यात मुलं दमतात आणि मोठी माणसं चिडतात. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील तर बास्तोन्य निवडा. ते पठारावर आहे, चढउतार सौम्य आहेत आणि बरीच महत्त्वाची स्थळं सायकलच्या टप्प्यात आहेत. मुलं मोठी असतील आणि त्यांना खरा चढ, मुळांनी भरलेल्या वाटा आणि वेगाचा उतार हवा असेल, तर हुफालीझ किंवा ला रोश. हुफालीझमध्ये माउंटन बाइकच्या विश्वचषक मालिकेच्या शर्यती अनेकदा झाल्या आहेत, यावरून तिथल्या चढांची कल्पना यावी.

घर भाड्याने घेताना दोन गोष्टी विचारा: सायकली कुलपात ठेवायला जागा आहे का, आणि चिखल धुवायला बाहेर नळ आहे का. इथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो, त्यामुळे दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

बास्तोन्यला आता प्रवासी रेल्वे जात नाही, लिब्रामोंला उतरून बस घ्यावी लागते. सायकली बरोबर असतील तर लिएज-लक्झेंबर्ग मार्गावरचं गुव्ही स्टेशन सोयीचं पडतं. बेल्जियमच्या रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. लक्झेंबर्गमध्ये मात्र 1 मार्च 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत आहे.

3. सायकल मुलाच्या मापाची घ्या

'थोडी मोठी घेऊ, वाढतं वय आहे' हा विचार कपड्यांपुरता ठेवा. सायकल भाड्याने घेताना मुलाला तिच्यावर बसवा आणि हँडल सोडायला न लावता ब्रेक दाबायला सांगा. तर्जनी लिव्हरवर आरामात टेकली पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर लिव्हरजवळचा छोटा स्क्रू फिरवून ते आत घेता येतं, दुकानदाराला तिथेच करून द्यायला सांगा. लांब उतारावर मुलांचे पाय नव्हे, हात आधी दमतात. दमलेला हात ब्रेक अर्धवट दाबतो आणि नेमका तिथेच तोल जातो. म्हणून उतारावर अधूनमधून थांबून हात झटकायला लावा.

आजी-आजोबा किंवा सवय नसलेलं कुणी बरोबर असेल तर त्यांच्यासाठी ई-बाइक घ्या. आखणी नेहमी सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या दमाने करा.

4. दिवस आखा: सकाळी सायकल, एकच स्थळ, मग खेळ

पहिला दिवस 'रावेल'वर घालवा. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठाने केलेल्या सायकलवाटांचं हे वालोनियातलं, म्हणजे बेल्जियमच्या दक्षिण भागातलं जाळं. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रेल्वेचा मार्ग टेकडीला वळसा घालून हळूहळू चढवलेला असतो. लहान पायांना याहून चांगली सुरुवात नाही.

बास्तोन्यहून बुर्सीमार्गे गुव्हीकडे जाणारी वाट अशीच जुनी रेल्वेलाइन आहे. जर्मनांनी बास्तोन्यला वेढा घातला त्या काळात याच रुळांच्या दोन बाजूंना अमेरिकेच्या 101 व्या एअरबोर्न (छत्रीधारी सैनिकांच्या) डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट होत्या, 506 आणि 501. रूळ ही त्यांच्यामधली हद्द होती. मुलांना इथे थांबवून विचारा, 'दोन तुकड्यांच्या मधल्या फटीतून शत्रू शिरला तर?' जर्मन सैनिक खरोखरच तसे शिरले होते.

जवळच ब्वा झाकचं जंगल आहे. तिथे सैनिकांनी खणलेले खड्डे अजून दिसतात. आता ते उथळ झालेत आणि पाचोळ्याने भरलेत, एखाद्यात जेमतेम दोन माणसं दबून बसू शकतील एवढेच. जंगलाच्या कडेला उभं राहिलं की उतारावरची उघडी शेतं आणि खाली फ्वा गाव दिसतं. आडोसा सोडून त्या उघड्या शेतातून पुढे जाणं म्हणजे काय, हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. सायकल बाहेर ठेवून पायी जा, खड्ड्यांत उतरू नका, आणि प्रवेशाच्या वेळा व नियम आदल्या दिवशी पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी बास्तोन्य वॉर म्युझियम आणि शेजारचं अमेरिकन सैनिकांचं मार्दासों स्मारक. संग्रहालयात चार माणसांच्या तोंडून गोष्ट ऐकायला मिळते: एक अमेरिकन सैनिक, एक जर्मन अधिकारी, एक शिक्षिका आणि एक मुलगा. मुलं त्या मुलाची गोष्ट धरून ठेवतात. यासाठी अर्धा दिवस द्या आणि त्या दिवशी सायकल थोडीच चालवा.

पुढचे दिवस चढाचे. हुफालीझमध्ये ऊर्त नदीत कोसळलेला जर्मन पँथर रणगाडा नंतर बाहेर काढून स्मारक म्हणून ठेवला. मित्रराष्ट्रांच्या बाँबहल्ल्यांत हे गाव जवळजवळ उद्ध्वस्त झालं होतं, हेही मुलांना सांगा. सोडवायला येणाऱ्यांच्या बाँबनेही गावकरी मेले, हे कळायला मुलं लहान नसतात. वाटा निवडताना हिरव्या-निळ्या खुणांपासून सुरुवात करा, लाल-काळ्या नंतर.

एक दिवस हाताशी असेल तर फेनबान. जुन्या रेल्वेमार्गावरची आखेन ते त्र्वाव्हिएर्ज अशी 125 किलोमीटरची ही सायकलवाट जर्मनी, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधून जाते. पहिल्या महायुद्धानंतर ही रेल्वे बेल्जियमला मिळाली, त्यामुळे तिच्या पलीकडची जर्मनीची काही गावं बेल्जियमने वेढली गेली आणि आजही तशीच आहेत. हद्दी मोजण्याच्या नादात मुलं किलोमीटर विसरतात.

5. जंगलाचे आणि स्मशानभूमीचे नियम घरीच समजावा

जंगलात फक्त खुणा केलेल्या वाटांवरच सायकल चालवा. गंजलेला लोखंडी तुकडा, नळी, गोळा काहीही दिसलं तरी हात लावू नये, लाथ मारू नये. जिवंत दारूगोळा अजूनही सापडतो. जागा लक्षात ठेवायची, मागे फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं. मेटल डिटेक्टर आणायचाच नाही, परवान्याशिवाय तो वापरायला बंदी आहे.

रकोन्यच्या जर्मन स्मशानभूमीत साडेसहा हजारांहून अधिक सैनिक पुरलेले आहेत आणि दगडी क्रॉसवर एकाखाली एक नावं कोरलेली आहेत. मी मुलांना इथे आवर्जून नेईन. वयं वाचायला सांगा. त्यात सतरा-अठरा वर्षांची मुलं भेटतात. सायकली फाटकाबाहेर, हेल्मेट काढून हातात, आणि खाऊ परत आल्यावर.

6. निघण्याआधीची तयारी

प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, पंप, चेनचं तेल, पावसाचं जाकीट आणि कोरडे मोजे घ्या. दऱ्यांमध्ये मोबाइलचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि त्याची एक कागदी प्रत मोठ्या मुलाच्या पाठपिशवीत द्या. अपघात किंवा आजारपणासाठी बेल्जियम आणि लक्झेंबर्ग दोन्हीकडे 112 हाच क्रमांक चालतो. तो सर्व मुलांना तोंडपाठ करून द्या, आणि रोज निघताना मुक्कामाच्या गावाचं नाव त्यांच्याकडून एकदा वदवून घ्या.