माशावर पांढरा ठिपका? बाटली उघडण्याआधी टॉर्च लावा

थंडीत शोभेच्या माशांच्या शेडमधल्या टाक्यांचं पाणी पहाटे गार पडतं, व्हाइट स्पॉट हा परजीवीमुळे होणारा रोग येतो. थंडी सरता सरता गोल्डफिशचे नरही विणीला येतात आणि त्यांच्या गालावर पांढरे दाणे उठतात. गल्लत इथेच होते. गेल्या जानेवारीत ओळखीच्या एका शेडमध्ये असे दाणे बघून दुकानदाराने दिलेलं औषध टाकीत ओतलं. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मेले, अमोनिया चढला, विणीला तयार जोड्या गेल्या. रोग नव्हताच.

ठिपका कुठे आहे, ते बघा. एक नर, एक मादी काचेच्या बरणीत घ्या आणि टॉर्च बाजूने तिरपी धरा. नराचे दाणे कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या जाड काडीवर असतात, दोन्ही बाजूंना सारखे. मासा खातो, मादीमागे पळतो. त्याला हात लावू नका, हंगाम संपला की दाणे जातात.

व्हाइट स्पॉट मीठ भुरभुरल्यासारखा कुठेही येतो, शेपटीवरसुद्धा. आज पाच, परवा पन्नास. पर मिटलेले, मासा तळाला अंग घासतो. माझ्या पाहण्यात हे घासणं ठिपक्यांच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतं. मादीच्या शेपटीवर ठिपके दिसले, तर त्याच दिवशी उपचार सुरू करा.

आणि ठिपके गेले म्हणून थांबू नका. कातडीखालच्या परजीवीला औषध लागू पडतच नाही. तो पिकून तळाशी पडतो, एकाची शेकडो पिल्लं होतात, औषधाने मरतात ती ही पोहणारी पिल्लं. 25 अंशांना ही फेरी साधारण आठवड्याची, गार पाण्यात कित्येक आठवड्यांची.

इतर खुणा:
- सोनेरी धूळ: वेल्वेट, हाही परजीवीचा रोग
- लोंबता दोरा: लर्निया, म्हणजे कातडीत रुतणारा परजीवी
- चपटी, सरकणारी टिकली: अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ
- फुलकोबीसारखी गाठ: विषाणू, औषध नाही
- गोल्डफिशवर काळे डाग: बहुधा अमोनियाची जखम भरतेय, पाणी तपासा

उपचार:
- खडे मीठ हजार लिटरला 3 किलो, दिवसभरात तीन हप्त्यांत. लोच, कॉरिडोरास हे तळाचे मासे असतील तर निम्मं
- हीटरने तासाला एक अंश, 30 पर्यंत. एअर पंप पूर्ण सोडा
- मिठाने भागलं नाही तरच फॉर्मेलिन, हजार लिटरला 25 मिली, दिवसाआड, आधी पाणी बदलून. बऱ्याच महागड्या बाटल्यांत हेच असतं, सोबत मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रासायनिक रंग
- खाण्याच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन अजिबात नाही
- तळाशी पांढरा साका बसलेलं फॉर्मेलिन वापरू नका, मासे मरतात
- जाळी, बादली प्रत्येक टाकीची वेगळी
- नवा लॉट तीन आठवडे वेगळा