तोंडा-घशाचे शेक: सात आठवडे खंड न पडू देता कसे पार पाडायचे

तोंड, जीभ किंवा घशाचा कॅन्सर केवळ किरणांनी (रेडिएशन, म्हणजेच आपण म्हणतो ते शेक), किंवा किरणं आणि केमो मिळून बरा करायचा असेल तर एकूण डोस साधारण ६६ ते ७० ग्रे असतो. ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप. रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे ३३ ते ३५ शेक. ऑपरेशननंतर देतात तेव्हा बहुधा ६० ग्रेच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरपेशी वेगाने वाढायला लागतात. त्यामुळे उपचार एक दिवस लांबला तरी गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. शनिवार-रविवार या हिशोबात आधीच धरलेले असतात. अमावास्या, भावकीतलं लग्न, जोतिबाची यात्रा मात्र धरलेली नसते. यासाठी शेक चुकवू नका.

आधी दात

शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क बनवतात, तो बनवण्यापूर्वी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेले, हलणारे दात आत्ताच काढायचे, कारण जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. किरणांनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तेव्हा दात काढला तर जखम न भरता हाड कुजू शकतं. घाई असते म्हणून घरचे नेमकी हीच पायरी गाळतात, आणि त्याचा त्रास रुग्ण पुढे वर्षानुवर्षं काढतो.

राहायचं कुठे

राधानगरी, गगनबावडा, चंदगडहून कोल्हापूरला रोज ये-जा करणं पहिले दोन आठवडे जमतं, पुढे अंगात त्राण राहत नाही. पावसाळ्यात तर भरवसाच नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये शेक असतील तर हॉस्पिटल नदीच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला खोली बघा. मशीन बंद पडलं किंवा शेक चुकलाच, तर "हा दिवस कसा भरून काढणार?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. शनिवारी शेक देणं, किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देणं, असे मार्ग असतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर मंजुरी शेक सुरू होण्याआधीच लागते. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) भेटा. ऑपरेशन झालं असलं तरी त्याआधीच्या सीटी-एमआरआयच्या सीडी जपून आणा. गाठ मुळात कुठवर होती हे त्यावरूनच कळतं.

मास्क आणि मशीन

गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. श्वास नीट घेता येतो. दाढी-मिशा आधीच काढून जा आणि नंतरही तशाच ठेवा, नाहीतर मास्क बसण्यात फरक पडतो. त्यानंतर सीटी स्कॅन होतो, प्लॅनिंगला काही दिवस जातात. रोज टेबलावर दहा-वीस मिनिटं लागतात, दुखत काहीच नाही. बाहेरून दिलेली किरणं अंगात राहत नाहीत. घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

पेसमेकर असेल तर प्लॅनिंगआधी सांगायलाच हवं.

तोंड आणि ताट

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घाला. जागेपणी दर दोन तासांनी गुळण्या करा, पाणी रोज ताजं बनवा. पहिल्या दिवसापासून करा, तोंड आल्यावर नव्हे. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड येतात, चव जाते, लाळ चिकट होते. पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना लगेच दाखवा.

कोल्हापुरी माणसाला चटणीशिवाय घास उतरत नाही हे खरं, पण या काळात तांबडा रस्सा, मिसळ, लिंबू, चिंच बंद. मऊ भात-वरण, तूप घातलेली पातळ खिचडी, उकडलेलं अंडं कुस्करून, नाचणीची खीर, मिक्सरमध्ये फिरवलेलं बिनतिखट चिकन-मटण असं दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. दूध भरपूर द्या, पण उकळून. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि बर्फ घातलेला उसाचा रस नको, विशेषतः केमो चालू असेल तर. संकष्टी-एकादशीचे उपवास सध्या थांबवा.

दर आठवड्याला वजन करा. वजन उतरलं की मास्क सैल होतो, डोकं हलतं, किरणं ठरलेल्या जागेवरून सरकतात. मग नवा मास्क, नवं प्लॅनिंग, पुन्हा खाडा. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालायला नकार देऊ नका. नळीला लोक शेवटची अवस्था समजतात, प्रत्यक्षात ती उपचार पूर्ण व्हावा म्हणून असते आणि बहुतेकांची नंतर निघते. नळी असली तरी दिवसातून काही वेळा घोटभर पाणी गिळत राहा आणि जबडा उघडण्याचे व्यायाम चालू ठेवा. न वापरलेले स्नायू आखडतात.

मानेला हळद, तेल, लेप विचारल्याशिवाय लावू नका. कॉलरचा शर्ट नको, उन्हात मऊ सुती उपरणं घ्या. तंबाखू, मावा, विडी पूर्ण बंद, कारण धूम्रपानाने किरणांचा परिणामही घटतो. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

शेवटच्या शेकानंतरही एक-दोन आठवडे त्रास तसाच राहतो, कधी वाढतोही. गुळण्या आणि मऊ खाणं सुरूच ठेवा. पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करा, आणि कधीही दात काढायची वेळ आली तर मानेला किरणं दिली आहेत हे दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा.