टीव्हीचा आवाज होम थिएटरला: फिटिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नवा मुलगा गिऱ्हाइकाच्या घरी गेला की आधी पिशवीतून वायर काढतो. आधी मोबाईल काढा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो, मागे जेमतेम बोटं जातात. तिथे मोबाईल सरकवून मागच्या पॅनलचा फोटो घ्या. तसाच अ‍ॅम्पच्या, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या (यालाच रिसीव्हरही म्हणतात), पाठीचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून टीव्हीवर आधी ‘आउट’ शोधायचं. लाल-पांढरी भोकं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींवर ती ‘एव्ही इन’ असतात, डीव्हीडी प्लेयर लावायला. त्यात पिना खोचून अ‍ॅम्पचा आवाज कितीही वाढवला तरी ढिम्म काही येणार नाही.

एचडीएमआयची तीन-चार सॉकेटं असली तरी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ सहसा एकावरच छापलेलं असतं. अ‍ॅम्पच्या बाजूला ते ‘एचडीएमआय आउट’वर सापडतं, आणि इथेच नवखा अडखळतो: आवाज अ‍ॅम्पमध्ये यायचाय, मग वायर आउटला कशी? ती वायर मुळात अ‍ॅम्पकडून टीव्हीला चित्र न्यायला आहे. एआरसी म्हणजे त्याच वायरीतली आवाजाची परतीची वाट. ही सोय एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या अ‍ॅम्पवर ती शोधत बसू नका. ईएआरसी ही त्याचीच सुधारलेली, जास्त आवाज वाहणारी आवृत्ती; ती एचडीएमआय २.१ सोबत, २०१७ मध्ये आली. साध्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा दाबलेला आवाज) आरामात जातं. ब्लू-रेचा न दाबलेला ७.१ आवाज टीव्हीमार्फत हवा असेल तर दोन्हीकडे ईएआरसी लागतं. मध्ये स्वस्तातला स्प्लिटर टाकला की परतीचा आवाज बहुधा तिथेच अडतो, कारण अशा डब्यांत चित्राची एकेरी वाहतूक तेवढी सांभाळलेली असते.

वायर लावून आवाज येत नाही, तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष मेनूत असतो. टीव्हीत सीईसी चालू करा, म्हणजे एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय. प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिंपलिंक’, सोनीत ‘ब्राविया सिंक’. अ‍ॅम्पमध्येही सीईसी आणि एआरसी दोन्ही चालू हवेत. मग टीव्हीचं साउंड आउटपुट स्पीकरवरून रिसीव्हरवर आणा. तरीही मुकं राहिलं तर रिमोटने बंद-चालू करू नका. दोन्हींच्या पिना भिंतीतून काढा आणि दोन मिनिटं थांबा.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी वायर. चौकोनी भोक, आत लाल उजेड. नव्या वायरीच्या टोकावरचं पारदर्शक टोपण काढायचं राहतं आणि पिन जोर लावून दाबली जाते. मग सॉकेटची झडप तुटते. ऑप्टिकलवरून स्टिरिओ किंवा ५.१ जातं, डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा अ‍ॅटमॉस आवाज नाही. टीव्हीच्या रिमोटने आवाज सहसा कमी-जास्त होणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

मुंबईत जुने असेम्बल केलेले अ‍ॅम्प अजून भरपूर चालतात. त्यांना फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना कळतात. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ऑप्टिकल ते आरसीए कन्व्हर्टरचा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा मिळतो. तो लावला की प्रश्न सुटतो, पण एक गोष्ट राहिली तर तक्रार ठरलेली. टीव्हीच्या डिजिटल आउटमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) असेल तर डॉल्बीचा कार्यक्रम लागताच आवाज बंद पडतो किंवा खरखर सुरू होते. बातम्या ठीक, सिनेमा लावला की मुका. साध्या कन्व्हर्टरला डॉल्बी उलगडता येत नाही. तिथे ‘पीसीएम’ म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाजच निवडायचा. डबा बदलून आणायला पुन्हा ग्रँट रोड गाठायची गरज नसते.

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर केबल किंवा डिशची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून क्षणभर काढा. आवाज थांबला तर अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग मिळून वायरींचा गोल फेरा झालाय. ऑप्टिकल वायरीतून वीज जात नसल्याने त्या जोडणीने हा लूप तुटतो. काही जण अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिनच कापतात. धातूच्या कॅबिनेटला हात लागतो घरच्या माणसांचा, तेव्हा हा उद्योग कधीही करू नका. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक लफडं असतं: आरसीएच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू जाते-येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पितळ चकाकलं की बहुतेक वेळा आवाज परततो.

फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये बोलावलं तर नशीब समजा. एचडीएमआयचं डोकं २० मिमीच्या पाइपातून जात नाही, २५च्या वळणावर अडकतं. ३२ मिमीचा टाकायला सांगा, आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. ४के साठी साधी तांब्याची वायर पाच मीटरच्या आत ठेवलेली बरी.

स्पीकरची वायर सोलताना एक तरी तार बाहेर राहतेच. ती शेजारच्या टर्मिनलला टेकली की अ‍ॅम्प ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद. तारा पिळून मगच आत घाला. प्लस-मायनसच्या खुणा पुसल्या असतील तर पेन्सिल सेल वायरीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवा: जाळी काढून बघा, वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. एक स्पीकर उलटा लागला की बेस पातळ होतो, आणि गिऱ्हाईक सबवूफरला दोष देत राहतं.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी कोण पुढे आहे ते बघा. आवाज पुढे असेल तर अ‍ॅम्पमध्ये डिले वाढवा; ओठ पुढे असतील तर डिले शून्यावर आणा आणि अ‍ॅम्पला डॉल्बी कळत असेल तर टीव्हीत पास थ्रू ठेवा. ब्लूटूथने जोडलेलं असेल तर आधी वायर लावून बघा.

निघण्यापूर्वी घरातल्या आजींच्या हातात रिमोट देऊन त्यांनाच चालू करायला लावा. वीज गेल्यावर किंवा सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही टीव्ही आपोआप स्वतःच्या स्पीकरवर येतात, आणि ‘तुमचं मशीन बिघडलं’ म्हणून फोन येतो. विरारहून चेंबूर गाठण्याआधी फोनवर विचारा, साउंड आउटपुटमध्ये काय लिहिलंय.