नोकरी बदलायची आहे? पत्रिका पुढ्यात घ्या, पण तिला उत्तर विचारू नका

माझे वडील गुहागरला पत्रिका बघत. ओटीवर पंचांग आणि पाटी घेऊन बसत, आणि आलेल्या माणसाला आधी विचारत, "काम काय करतोस? आणि ते करून घरी आल्यावर जेवण जातं का?" ग्रहांची पाळी नंतर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. पुढचे कित्येक महिने दुकानदार त्यांच्याकडे येत होते. दुकान पुन्हा उभं करू, की शटर ओढून मुलाकडे मुंबईला जाऊ? मी तेव्हा चिपळूणला एका पतपेढीत कर्जाच्या टेबलावर होते, त्यामुळे यातलीच काही माणसं माझ्याकडेही यायची. टेबलासमोर ती फक्त रकमेचं बोलत. ओटीवर पत्रिका उलगडली की तीच माणसं झोप, आई, भावाशी बिनसलेलं, मनातली धास्ती, सगळं बोलत. पत्रिकेचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो, आणि तो घरच्या घरी करता येतो.

त्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी ओळखता येते का, याची चाचणी जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २००८ साली घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. म्हणून राजीनाम्याची तारीख पत्रिकेला विचारायची नाही. तिच्याकडून घ्यायचे ते प्रश्न.

सुरुवात राशिभविष्यापासून करा, ते सोपं आहे. कालनिर्णयच्या मागच्या पानांवर असतं ते चालेल. (कालनिर्णय १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगांवकर आपल्या मालवणचे.) घरातल्या कुणाला तरी बाराही राशींचं भविष्य राशीचं नाव न घेता वाचायला सांगा. तुम्ही ऐका, आणि जे वाक्य टोचेल किंवा ज्याने छातीत हलकं वाटेल ते वहीत उतरवा. स्वतःच्या राशीपुरतं वाचलंत तर प्रत्येक वाक्य आपलंच वाटतं. अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनं दिली होती. सगळ्यांना एकच मजकूर, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. विद्यार्थ्यांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा वाक्य जुळलं याला महत्त्व देऊ नका. "वरिष्ठांशी मतभेद संभवतात" ऐकून पोटात गोळा आला, की "प्रवासाचे योग" ऐकून मान वर झाली, हे लिहा. आणि लगेच खाली, का, ते चार ओळींत.

आता मुख्य काम. वहीच्या पूर्ण पानावर पत्रिकेची चौकट काढा, ग्रह न भरता: एक चौकोन, त्याचे दोन्ही कर्ण, आणि चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा, की बारा घरं होतात. जन्मवेळ माहीत नसली तरी काही बिघडत नाही, कारण आपल्याला फक्त घरं हवीत. वरचं मधलं घर पहिलं, तिथून डाव्या हाताने मोजत जायचं. म्हणजे डावीकडचं मोठं घर चौथं, खालचं सातवं, उजवीकडचं दहावं. बाराही भरायचा हट्ट नको. कामाच्या विचाराला सहावं, दहावं, चौथं, दुसरं आणि बारावं पुरतात. भागीदारीत काही करायचं मनात असेल तर सातवंही घ्या.

सहावं आणि दहावं एकाच बैठकीत भरा, कारण गाठ बहुतेक वेळा तिथे असते. सहावं नोकरीचं, चाकरीचं, आणि त्याच घरात शत्रू, कर्ज आणि आजार. दहावं कर्माचं, माणूस ज्या कामासाठी ओळखला जातो त्याचं. माझा भाचा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीने जातो. नोकरी सोडून गावात होमस्टे काढायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. सहाव्या घरात त्याने लिहिलं: रात्रपाळी, घराचा हप्ता, साहेबाची बोलणी, सकाळी न लागणारी झोप. दहाव्यात लिहिलं: पंप बिघडला की दुसऱ्या पाळीचे लोकही मला फोन करतात, आवाजावरून मला कळतं. दोन्ही घरं शेजारी ठेवल्यावर त्याचं त्यालाच दिसलं की तो पाळ्यांना कंटाळलाय, यंत्रांना नाही. आणि दहाव्या घरात पाहुण्यांचं, स्वयंपाकाचं, खोल्यांचं एक अक्षर नव्हतं.

चौथं घर सुखाचं, आईचं, जमिनीचं. कोकणातल्या माणसाने ते कागद हातात घेऊन भरावं. "गावी आपली जागा आहेच" हे वाक्य मी पतपेढीत सतत ऐकलंय, आणि सातबारा काढला की त्यावर चुलते, आत्या, कधीच परत न आलेला एखादा मुंबईकर चुलतभाऊ, सगळ्यांची नावं. जागा सामायिक असेल तर सगळ्यांची संमती लागणार. भाच्याच्या आजोळच्या जागेचंही तेच निघालं. ही नावं चौथ्या घरात लिहा, आणि प्रत्येकापुढे शेवटचं बोलणं कधी झालं तेही. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा हा विषय काढायला जमतो. आरतीनंतर, फराळाला बसल्यावर.

दुसऱ्या घरात जमलेले पैसे आणि तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं, बाराव्यात खर्च. इथे रुपयांतच लिहा, "थोडेफार" असं नको.

साडेसातीचं काय, हे कुणीतरी विचारणारच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. तुमच्या चंद्रराशीच्या आधीची रास, तुमची रास आणि पुढची, अशी मिळून साडेसात वर्षं होतात. याचाच अर्थ कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असतेच. मार्च २०२५मध्ये शनी मीनेत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष. या तीन राशींची माणसं काय हात जोडून बसलीत? त्यांच्या बढत्या होतायत, दुकानं उघडतायत. साडेसाती आहे म्हणून थांबू नका आणि संपली म्हणून उडी मारू नका. गुरू मात्र साधारण वर्षाला रास बदलतो. तो बदलला की हीच चौकट नव्याने भरायची, एवढी आठवण म्हणून तो कामाला येतो.

चौकट भरली की तिच्यातून एकच गोष्ट करून बघायची निवडा, रजेत बसेल एवढी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि इंजिनांची कामं निघतात. भाच्याने रजा टाकली आणि हर्णैला एका मेकॅनिककडे हाताखाली राहिला. कलमांच्या बागेत उतरायचं असेल तर आंबा उतरतो तेव्हा न जाता मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत जा, कष्ट आणि खर्च तेव्हा कळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाऊन शास्त्रज्ञांना तुमच्या जमिनीबद्दल विचारा.

खडे, अंगठ्या, शांती यांवर या कामासाठी पैसे घालवू नका. कर्जाचा हप्ता थकला असेल तर आधी पतपेढीच्या मॅनेजरला भेटा, आणि झोप उडून महिने झाले असतील तर आधी डॉक्टर. चौकट नंतरही भरता येते.

शेवटी ते पान तुमच्या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार आहे त्यांना वाचून दाखवा, नवरा, बायको, आईवडील, जे असतील ते. दुसऱ्या घरात त्यांना त्यांच्या हाताने लिहू द्या: महिन्याला किती कमी आले तर चालेल, आणि किती महिने. तो आकडा आल्याशिवाय राजीनामा टाइप करू नका.