पेशी पाहताना आणि शिकताना या चुका टाळा

प्रात्यक्षिकाच्या वह्यांचा गठ्ठा समोर आला की आत काय असेल ते मला न उघडताच सांगता येतं. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती. विटांच्या सरळ रांगा, प्रत्येक विटेच्या बरोबर मध्यभागी एक गोल ठिपका, म्हणजे केंद्रक, आणि विद्यार्थी उत्साही असेल तर ठिपक्याभोवती चार-पाच लंबगोल तंतुकणिका (माइटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), आतल्या घड्यांसकट. शेजारी सुबक अक्षरात नावं. आकृती देखणी असते, पण ती मायक्रोस्कोपमधून बघून काढलेली नसते. पुस्तकातून उतरवलेली असते.

इतकी वर्षं त्याच त्या चुकांवर लाल पेन चालवल्यावर वाटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. क्रम माझ्या चिडीचा आहे, अभ्यासक्रमाचा नाही.

न दिसलेलं काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळतो.

तंतुकणिकेची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. साध्या प्रकाशाचा उत्तमातला उत्तम मायक्रोस्कोपही साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. म्हणजे तंतुकणिका ठिपक्याएवढी दिसू शकेल, पण ती जवळजवळ पारदर्शक असते. जेनस ग्रीन बीसारखा खास रंग न देता ती ओळखू येत नाही, आणि आतल्या घड्या तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसतच नाहीत. प्रथिनं बनवणारा रायबोझोम तर २० ते ३० नॅनोमीटरचा. तो आयोडीनच्या स्लाइडवर 'दिसला' असं लिहिणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं.

गॉल्जी पिंडाची, म्हणजे पेशीत बनलेली प्रथिनं हवी तिथे पाठवणाऱ्या भागाची, हकीकत इथे मी नेहमी सांगतो. कामिलो गॉल्जीने १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवल्या आणि त्यांत जाळीसारखी रचना पाहिली. ती खरंच पेशीचा भाग आहे की रंगवण्याच्या क्रियेत उमटलेला डाग, यावर पुढे अनेक दशकं वाद चालला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावरच तो मिटला. ज्याने स्वतः पाहिलं होतं त्यालाही इतकी वर्षं शंका सोसावी लागली, आणि आपण न पाहिलेल्या गोष्टीला बाण काढून नाव देतो.

एका वर्षीची गोष्ट. एका तुकडीच्या वीस-बावीस वह्या होत्या, सगळ्यांत केंद्रक मधोमध. एका वहीत मात्र खोडरबराच्या खुणा दिसल्या. कागद उजेडात तिरका धरला तर खालची पुसलेली आकृती वाचता येत होती. काही केंद्रकं भिंतीला चिकटलेली, एक-दोन मध्यात, आणि एका पेशीत केंद्रकच नाही. त्यावर मग सगळी मधोमध नव्याने काढलेली. त्या मुलीला बोलावून विचारलं, आधीचं का पुसलंस? ती म्हणाली, "सर, सगळ्यांचं मधेच होतं. मला वाटलं माझंच चुकलं."

मी पुढचं प्रात्यक्षिक बाजूला ठेवलं. सगळ्यांना त्याच स्लाइड पुन्हा करायला लावल्या आणि प्रत्येकाला पन्नास पेशी मोजायला सांगितल्या : केंद्रक कडेला किती, मध्यात किती, न दिसणारी किती. मोजून झाल्यावर वर्गात कुणी बोलेना. कुणाच्याही स्लाइडवर सगळी केंद्रकं मध्यात नव्हती.

याचं कारण पेशीच्या रचनेतच आहे. कांद्याच्या पेशीची बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पाणीदार रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. पेशीद्रव्याचा पातळ थर तिच्याभोवती भिंतीलगत पसरलेला, आणि केंद्रक त्या थरात दडपलेलं. मग काही केंद्रकं मध्यात का दिसतात? कारण पेशी ही खोकं आहे, कागदावरचा चौकोन नाही. केंद्रक बाजूच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ते आपल्याला कडेला दिसतं, पण तळाला किंवा वरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वरून पाहताना मध्यात असल्यासारखं दिसतं. फाइन फोकसचा नॉब हळूहळू फिरवा. एक केंद्रक स्पष्ट होतं तेव्हा शेजारच्या पेशीतलं पुसट होतं, कारण ती दोन्ही वेगवेगळ्या खोलीवर आहेत. ज्या पेशीत केंद्रक 'नव्हतं', तिथेही अनेकदा ते असंच सापडतं.

त्या मुलीची पुसलेली आकृती त्या दिवशीची सगळ्यात अचूक आकृती होती. तेव्हापासून माझ्या प्रात्यक्षिकात खोडरबर आणायला परवानगी नाही. चुकलं तर एक रेघ मारा आणि शेजारी पुन्हा काढा. पाठ्यपुस्तकही दप्तरात बंद. आधी पाहायचं, काढायचं, आणि ताडून बघायला पुस्तक शेवटी उघडायचं. काही सहकाऱ्यांना हे फार कडक वाटतं. मला नाही वाटत.

मायक्रोस्कोपवरच्या घाईच्या चुका

या थोडक्यात सांगतो, कारण यांची कारणं खोल नसतात, फक्त धीर नसतो.

थेट ४० च्या लेन्सवर उडी मारणं. आधी सगळ्यात लहान लेन्स, मग १०, मग ४०. चाळीसवर असताना मोठ्या नॉबला हात लावायचा नाही. मी फुटलेल्या कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचा) मोजणं सोडून दिलं आहे.

जाड काळी कड असलेला, अगदी कंपासने काढल्यासारखा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा आहे, पेशी नाही. कव्हर स्लिप तिरकी धरून, एक कड पाण्याला टेकवून हळू सोडली तर बुडबुडे होत नाहीत.

मोठा तुकडा घेणं. पाच मिलिमीटर पापुद्रा पुरतो. सोलल्यावर तो लगेच पाण्यात टाका, हातात धरून गप्पा मारत बसलात तर तो वाळतो आणि गुंडाळतो.

गालाच्या आतल्या पेशी घेताना जोरात खरवडणं. हलक्या हाताने फिरवलं तरी पुष्कळ पेशी येतात. आल्या त्या पातळ पसरा, ढीग लावू नका.

प्रकाश पूर्ण उघडा ठेवणं. नवख्यांना वाटतं, जितका उजेड जास्त तितकं चांगलं दिसेल. न रंगवलेली पेशी भगभगीत उजेडात विरघळून जाते. डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) कमी करत जा, कडा आपोआप उठून येतात.

आणि १० ची आयपीस व ४० ची लेन्स म्हणजे ४०० पट, इथवर सगळे येतात. पण पट वाढले म्हणजे तपशील वाढतोच असं नाही. पुसट फोटो कितीही मोठा केला तरी पुसटच राहतो.

"पाणीच तर आहे"

माझी दुसरी दुखरी जागा ही. पेशीवर कुठलं पाणी टाकतो याने काय फरक पडतो, असं ज्याला वाटतं त्याला पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, कळलेलं नाही. आणि हे मी ज्या चुकीतून शिकलो ती सांगायलाच हवी.

प्रयोगशाळेत मी नवा होतो. वर्ग भरायला वेळ थोडा होता आणि रक्ताची स्लाइड तयार ठेवायची होती. समोर बाटली होती ती ऊर्ध्वपातित पाण्याची. शुद्ध पाणी, म्हणजे उत्तमच, असं समजून परीक्षानळीत त्यातच रक्त पातळ केलं आणि एक थेंब स्लाइडवर घेतला. पाहतो तर काहीच नाही. फिकट गुलाबी, रिकामं क्षेत्र. लेन्स पुसली, दिवा बदलला, शेवटी मायक्रोस्कोपच बदलला. तासभर गेला. शेवटी तिथले जुने प्रयोगशाळा सहायक आले. त्यांनी मायक्रोस्कोपकडे पाहिलंसुद्धा नाही. परीक्षानळी उचलली, छापील कागदासमोर धरली आणि म्हणाले, "पलीकडची अक्षरं वाचता येतायत बघ. पेशी शाबूत असत्या तर हे गढूळ दिसलं असतं. आत आता एकही उरलेली नाही."

तांबड्या पेशीला पेशीभित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची मजबूत भिंत, नसते, नुसतं पटल. आत क्षार आणि हिमोग्लोबिन विरघळलेलं, बाहेर निव्वळ पाणी. पाणी आत शिरतं, चपटी तबकडी फुगून गोल होते, पटलाला आणखी ताणता येत नाही आणि ते फाटतं. हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि मागे रिकामं, जवळजवळ अदृश्य पटल उरतं. हे काही सेकंदांत होतं. म्हणूनच ०.९ टक्के मिठाचं द्रावण वापरतात, १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम. त्यात पेशीच्या आतबाहेरचा तोल राहतो. द्रावण खूप तीव्र झालं तर उलट होतं, पाणी बाहेर जातं आणि पेशी आकसून काटेरी दिसते.

तेच शुद्ध पाणी कांद्याच्या पेशीवर टाका. पेशी फुटत नाही. पाणी तिथेही आत शिरतं, पण बाहेरची भित्तिका दाबाला तोंड देते आणि पेशी ताठ होते. लाकूड नसलेलं कोवळं रोप उभं राहतं ते याच दाबावर.

इथे एक प्रश्न मी दरवर्षी विचारतो. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवला की आतला रंगीत भाग आकसून भित्तिकेपासून सुटतो. याला रससंकोच म्हणतात. आता भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्यामधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय आहे? जवळजवळ सगळे 'हवा' म्हणतात, उरलेले 'पोकळी'. तिथे बाहेरचंच मिठाचं पाणी असतं. भित्तिका मीठ आणि पाणी दोन्ही आरपार जाऊ देते, निवड करतं ते पटल. ज्याला हे उत्तर देता आलं त्याला भित्तिका आणि पटल यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

याच प्रयोगात शॉर्टकट मारणारे भेटतात. परिणाम झटपट दिसावा म्हणून मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकतात. पेशी आकसतात खऱ्या, पण मरतातही. मी साधारण ३ टक्क्यांचं द्रावण घेतो आणि थांबतो. रंग आकसला की कव्हर स्लिपच्या एका कडेला साधं पाणी सोडतो, दुसऱ्या कडेला टिपकागद लावतो. पाणी खालून सरकत जातं आणि रंगीत भाग पुन्हा फुगून भित्तिकेला टेकतो. तो परत फुगला म्हणजे पेशी जिवंत होती. हा परतीचा अर्धा प्रयोग घाईत बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते खरा प्रयोग तोच आहे. उकळलेल्या पानावर हेच करून बघा, काहीही होत नाही. पटलच बिघडलेलं असतं.

आणखी एक. दोन्हीकडचा तोल साधला की पाणी थांबतं, असं लिहू नका. पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी जातच असतात, फक्त जाणारे आणि येणारे सारखे होतात.

उत्तरपत्रिकेत रुतून बसलेले गैरसमज

"वनस्पतींना हरितलवक असतं, म्हणून तंतुकणिका नसतात." असतात. हरितलवकं उजेडात अन्न बनवतात, मग रात्री आणि मुळांत काय चालतं? आणि ज्या कांद्याच्या पापुद्र्यापासून आपण सुरुवात करतो त्यात तर हरितलवकं नसतातच.

"तंतुकणिका ऊर्जा निर्माण करते." ती ऊर्जा निर्माण करत नाही. अन्नातली ऊर्जा एटीपीच्या, म्हणजे पेशीला थेट वापरता येणाऱ्या रेणूच्या, रूपात आणते. एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी हा आकडा जुन्या पुस्तकांतला, आता साधारण ३० ते ३२ धरतात.

"डीएनए फक्त केंद्रकात." माणसाच्या तंतुकणिकेचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे, १६,५६९ आधारजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आणि ३७ जनुकं.

"प्रत्येक पेशीत एक केंद्रक." माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत, तरी ती सुमारे १२० दिवस काम करते. सांगाड्याच्या स्नायूतल्या एका तंतूत मात्र पुष्कळ केंद्रकं असतात.

"दोन विभाजनांच्या मधल्या काळात पेशी विश्रांती घेते." त्याच काळात डीएनएची प्रत तयार होते. विश्रांती कसली!

"पेशीचा शोध हूकने लावला आणि केंद्रक पाहिलं." रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राउनने, १८३१ मध्ये. दोन्ही रॉबर्ट, म्हणून गोंधळ होत असावा.

आणि पेशी म्हणजे पाण्याची पिशवी, तीत सुटे भाग तरंगतायत, हे चित्र तर डोक्यातून काढूनच टाका. पेशीद्रव्यात प्रथिनांची दाटी असते, आणि त्यातून तंतूंचा सांगाडा पसरलेला असतो. पेशीचे भाग त्या तंतूंवरून ओढून नेले जातात.

आधी रंग टाकणं

ही चूक शिक्षकच शिकवतात, म्हणून शेवटी मुद्दाम लिहितो. पापुद्रा स्लाइडवर ठेवला की पहिला हात आयोडीनच्या बाटलीकडे. आयोडीनने केंद्रक पिवळसर-तपकिरी होऊन छान दिसतं, पण पेशी मरते. मग आपण जिवंत पेशीबद्दल तासभर बोलतो, मेलेली पेशी दाखवत.

पहिली स्लाइड साध्या पाण्यातली करा. डायफ्रॅम बराच कमी करा, ४० ची लेन्स लावा आणि एकाच पेशीवर थांबा. पहिली दोन मिनिटं काही दिसणार नाही आणि मुलं कंटाळतील. कंटाळू द्या. मग भिंतीलगत, किंवा रिक्तिकेतून आडव्या गेलेल्या एखाद्या बारीक धाग्यात, अगदी लहान कण सरकताना दिसतात. एका दिशेने जातात, मध्येच थबकतात, शेजारच्याच धाग्यातले काही उलट दिशेने येतात. ते कण कसले, याची नावं लिहू नका, या मायक्रोस्कोपवर ते ठरवता येत नाही. वहीत फक्त बाण काढा : कुठून निघाला, कुठे वळला. आयोडीन त्यानंतर.