ट्रिप्सिन आणि निळा डाग: रक्तवाहिन्यांच्या गळतीच्या प्रयोगात या चुका टाळा

या प्रयोगात उंदराच्या शिरेत इव्हान्स ब्लू हा निळा डाय देतात आणि पाठीच्या कातडीत ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम टोचतात. डाय रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. वाहिनीची भिंत सैल झाली की अल्ब्युमिनबरोबर तोही बाहेर झिरपतो आणि उंदराची कातडी निळी पडते. नाशिकमध्ये एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हा प्रयोग करणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचा, कारण फुकट गेलेल्या प्रत्येक रीडिंगमागे एक जीव गेलेला असतो.

मोठी चूक एन्झाइमच्या बाटलीतच होते. ट्रिप्सिन सलाइनमध्ये विरघळवून टेबलावर ठेवलं की ते स्वतःलाच पचवू लागतं. सकाळच्या उंदराला ताजं एन्झाइम मिळतं, दुपारच्याला अर्धमेलं. मूळ द्रावण १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बर्फावर ठेवा आणि टोचायच्या आधी ७.४ पीएचच्या बफरमध्ये पातळ करा. कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी टोचायच्या एन्झाइमविना द्रावणातही, तेवढंच आम्ल आणि बफर हवं. डोस मिलिग्रॅममध्ये नको, एन्झाइमच्या क्रियाशीलतेच्या युनिटमध्ये लिहा.

नुसत्या सलाइनच्या कंट्रोलवर भागवू नका. सुईची इजा, परकं प्रथिन, ट्रिप्सिनच्या पावडरीतलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) यांनीही डाग उठतो. उकळून मारलेलं ट्रिप्सिन आणि सोयाबीन इनहिबिटर (ट्रिप्सिनला रोखणारं प्रथिन) मिसळलेलं ट्रिप्सिन, दोन्ही त्याच पाठीवर टोचा. यात एक खाच आहे: आम्लात उकळलेलं ट्रिप्सिन थंड झाल्यावर पुन्हा जागं होऊ शकतं. म्हणून ते बफरमध्ये उकळा आणि खरंच मेलंय का, हे सबस्ट्रेटवर, म्हणजे ट्रिप्सिन ज्याला तोडतं त्या पदार्थावर, तपासा.

डाग आला म्हणजे ट्रिप्सिननेच भिंत उघडली, असं लगेच लिहू नका. ते पेशींवरचा पार-२ रिसेप्टर चेतवतं, मग मज्जातंतू सबस्टन्स पी हे वाहिन्या सैल करणारं रसायन सोडतात. कातडीतल्या मास्ट पेशींतून हिस्टामाइनही सुटतं आणि तेही भिंत सैल करतं. अँटिहिस्टामाइन दिलेला एक गट ठेवाच. डोस फार झाला तर वाहिनीच फुटते आणि रक्तातलं हिमोग्लोबिन डाय मोजायचं ६२० नॅनोमीटरचं रीडिंग बिघडवतं. ७४० वरही रीडिंग घेऊन दुरुस्ती करा.

निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत ॲनिमल हाऊसकडे लक्ष द्या. भूल दिलेला उंदीर गारठला की कातडीतलं रक्त आटतं आणि डाग फिका येतो. हीटिंग पॅड वापरा.

शेपटीच्या शिरेत डाय नीट गेला नाही तर शेपटी फुगून निळी होते. असा प्राणी वगळायचा, हा नियम आधीच लिहून ठेवा.

आणि चर्चेच्या प्रकरणात हा निष्कर्ष सुजेवरच्या ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन गोळ्यांना लावू नका. कातडीत थेट टोचलेलं एन्झाइम आणि पोटातून जाणारी गोळी यांचा मार्गच वेगळा; शिवाय रक्तात पोचलेल्या ट्रिप्सिनला अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलंच प्रथिन पकडतं.