घरासाठी मधली सेडान घ्यायची आहे? आधी मागच्या सीटवर बसा

शोरूममध्ये शिरलेला माणूस पहिलं दार उघडतो ते ड्रायव्हरचं. स्टेअरिंगवर हात ठेवतो, पडद्यावर बोट फिरवतो आणि बाहेर येतो तेव्हा निम्मा निर्णय झालेला असतो. घरासाठीची सेडान निवडताना हा क्रम उलटा हवा. आधी मागची सीट, मग डिकी, मग पैशांचं गणित आणि इंजिन सगळ्यात शेवटी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पाच माणसं आणि त्यांचं सामान ओढायला पुरतंच. मागे मधोमध बसलेल्याचे पाय दोन तासांनी कुठे असतात, हे मात्र माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

‘मधला आकार’ या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकेत सरकारी वर्गवारीनुसार माणसांची जागा आणि डिकी मिळून ११० ते १२० घनफूट आतली जागा असेल तर ती गाडी मिडसाइज, त्यापुढे ‘मोठी’. त्यामुळे २००८ची होंडा अ‍ॅकॉर्ड सेडान कागदोपत्री ‘मोठ्या’ वर्गात गेली, आणि लोक मात्र तिची तुलना टोयोटा कॅम्रीशीच करत राहिले. युरोपात याच गाड्यांना डी-सेगमेंट म्हणतात. व्यवहारात पावणेपाच ते पाच मीटरच्या आतबाहेरची लांबी धरून चालायचं. गाडी जिथे रोज उभी राहणार ती जागा आधी टेपने मोजा, आणि मोजताना दार पूर्ण उघडून उतरायची रुंदीही धरा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि फार थोडे लोक ते करतात.

पहिली पायरी: सगळं घर घेऊन जा

घरात जो सगळ्यात उंच ड्रायव्हर आहे, त्याच्या सोयीने पुढची सीट लावा. मग त्याच सीटच्या मागे त्यालाच बसवा. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, डोकं छताला लागतं का, ते बघा. हल्लीच्या सेडानचं छत मागे उतरतं असतं. बाहेरून ते देखणं दिसतं, पण त्याची किंमत मागे बसणाऱ्याचं डोकं मोजतं. मधल्या सीटखाली जमिनीला उंचवटा असतो, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतसुद्धा. तिसऱ्या माणसाला तिथे प्रत्यक्ष बसवा, नुसतं ‘मावेल’ म्हणू नका.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना तीनदा चढायला-उतरायला लावा. पहिल्यांदा ते आपलं मन राखायला ‘छान आहे’ म्हणतात, तिसऱ्यांदा खरं बोलतात. सेडान मुळात खाली बसलेली गाडी. तिच्यात शिरताना माणूस सीटवर ‘पडतो’, आणि उठताना गुडघ्यांवर भार येतो. या एका कारणासाठी सेडानचा बेत रद्द करून थोडी उंच गाडी घेतली तरी ते चुकीचं ठरत नाही.

लहान मूल असेल तर त्याची चाइल्ड सीट सोबत न्या आणि बसवून बघा. मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढची सीट किती सरकवावी लागते, हा खरा प्रश्न असतो. सीट अडकवायच्या आयसोफिक्स कड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९मध्ये आलं, तरी काही गाड्यांत त्या कड्या गादीच्या शिवणीत इतक्या खोल असतात की बोटं सोलवटतात. मागे तीन चाइल्ड सीट शेजारी-शेजारी बसवायच्या असतील तर बसवून बघितल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

डिकीच्या लिटरच्या आकड्यावर माझा अजिबात विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. एकदा भरपूर लिटरची डिकी बघून मी खूश झालो होतो. बाबागाडी आडवी आत सहज मावली असती, पण डिकीच्या तोंडातून आत जाईना! सेडानच्या डिकीचं तोंड पोटापेक्षा लहान असतं. झाकणाचे वाकडे दांडे बंद होताना आत उतरतात आणि सामानावर बसतात, ते वेगळंच. म्हणून घरची सगळ्यात मोठी बॅग नेऊन भरून बघा. मागची सीट दुमडते का, दुमडली की आरपार किती मोठं भोक उरतं, आणि डिकीच्या तळाशी खरी स्टेपनी आहे की पंक्चरची नुसती बाटली आणि पंप, हेही तिथेच कळतं.

दुसरी पायरी: नवी की वापरलेली

इथे एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: ही गाडी मी किती वर्षं ठेवणार? नव्या गाडीची किंमत सगळ्यात वेगाने घसरते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती घसरण पहिला मालक सोसतो. चार-पाच वर्षांत गाडी बदलायची सवय असेल, तर तीन वर्षं वापरलेली गाडी घेणं हिशेबाने सरस ठरतं. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर नवी घेणं चैन नाही, कारण ती घसरण इतक्या वर्षांवर पसरते, वॉरंटी मिळते आणि गाडीचा पूर्वेतिहास तुमच्याच हातात राहतो.

कर्ज काढणार असाल तर हप्ता बघू नका, सगळे हप्ते मिळून किती जातात ते बघा. मुदत वाढवली की कुठलाही हप्ता परवडतो. विम्याचा आकडा गाडी ठरवण्याआधी विचारा. चाकांचा आकारही बघा, कारण अठरा इंची चाकांचे टायर सोळा इंचींपेक्षा बरेच महाग पडतात आणि खड्ड्यात रिम लवकर वाकते. वापरलेली गाडी घेताना ठरवलेल्या पैशांतला काही भाग बाजूला ठेवायचाच. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि सगळी ऑइल बदलणं हा खर्च पहिल्या वर्षात येतोच.

हायब्रिडबद्दल एक. अनेक कंपन्या तिच्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी देतात, तेव्हा जुनी घेताना त्यातली किती उरली आहे ते विचारा. काही हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे कुत्र्याचे केस आणि धूळ बसलेली दिसली, तर बॅटरी उकडत आली आहे असं समजा.

तिसरी पायरी: मॉडेल आणि वर्ष

नवीन घडणीचं मॉडेल बाजारात आलं की त्याचं पहिलं वर्ष मी सोडून देतो. बारीकसारीक दोष त्याच वर्षात उघड होतात आणि पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त होतात.

सुरक्षेचे तारे बघताना ते कुठल्या वर्षी मिळाले तेही बघा. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या धडक-चाचण्या १९९७पासून होत आहेत आणि त्या दर काही वर्षांनी कडक होत गेल्या. त्यामुळे २००९चे पाच तारे आणि आजचे पाच तारे एकाच तागडीत घालता येत नाहीत. जुन्या गाडीत एक गोष्ट मात्र हवीच: घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. अमेरिकेत ते २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४च्या अखेरपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत ते आहे की नाही, हे व्हेरिएंटनुसार तपासावं लागतं.

इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट रबराचा असतो आणि साधारण एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान, किंवा कंपनीने सांगितलेली वर्षं भरली की, बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. ‘बदललाय’ असं तोंडी ऐकून घेऊ नका, बिल मागा.

चौथी पायरी: वापरलेली गाडी बघायला जाताना

मॉडेल ठरलं म्हणजे गाडी ठरली असं नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आता तुम्ही मॉडेल निवडत नसून आधीचा मालक निवडत आहात.

फोन केल्यावर गाडीचं नाव न घेता ‘तुमच्या गाडीसंबंधी बोलायचं होतं’ एवढंच म्हणा. ‘कोणती?’ असं उत्तर आलं तर समोरचा माणूस घरची गाडी विकणारा नाही, व्यापारी आहे. व्यापारी असणं हा गुन्हा नाही, पण ते लपवलं असेल तर पुढचंही लपवलं जाईल. आणखी एक सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना होणारा आवाज आणि निघणारा धूर तुमच्यापासून लपवला गेला आहे.

दिवसाउजेडी आणि कोरड्या हवेत जा, कारण ओल्या पत्र्यावर पोचे दिसत नाहीत. गाडीच्या एका कोपऱ्याशी उकिडवे बसून पत्र्यावरून लांबवर नजर टाका. रंगाची छटा एखाद्या दारावर बदलते का, दोन पत्र्यांमधली फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आहे का, बघा. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. एका दारावर आकडा एकदम हजारापलीकडे गेला तर खाली पुट्टी भरलेली आहे. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणाही वाचा. सगळ्या एका वर्षाच्या आणि एकच वेगळी निघाली, तर ती का बदलली ते विचारा.

प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला, दाराच्या खांबावरचा आणि कागदांवरचा, तिन्ही एकच हवेत. हाच क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल बघता येतो. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यांतल्या अनेक गाड्या दुरुस्तीला न जाताच पुढच्या मालकाकडे गेल्या. हे काम फुकट होतं, फक्त ते झालंय का एवढंच बघायचं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर चार कंपन्यांचे असतील, तर मालक पंक्चर झालं की हाताला येईल ते टाकत होता. टायर एकाच कडेने झिजला असेल तर चाकांची अलाइनमेंट, म्हणजे सरळ रेष, बिघडली आहे, किंवा सांगाडा वाकलेला आहे.

मीटरवरचे किलोमीटर खरे की खोटे, हे गाडी स्वतः सांगते. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंग तेलकट चमकतंय, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसली आहे आणि मीटर म्हणतोय तीस हजार, तर तो मीटर खोटं बोलतोय. पुरातून निघालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारे सगळं धुतात, बेल्टचं शेवटचं टोक विसरतात. तिथे चिखलाची रेघ सापडते. आत सुगंधी फवारा जरा जास्तच मारलेला असेल तर गालिचा उचलून खाली हात घाला. मी एकदा घातला होता आणि हात ओला झाला. विकणारा म्हणाला, ‘कालच धुतली.’ मी चहासुद्धा न घेता निघालो.

पाचवी पायरी: सुरू करा, चालवा, ऐका

सुरू करताना मागे एका माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीत निघणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत विरते. दाट पांढरा धूर विरतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत शिरतंय आणि तो खर्च मोठा असतो.

चालवताना म्युझिक बंद, काचा खाली. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. ‘टक-टक-टक’ ऐकू आलं तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा गेलाय. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टेअरिंग थरथरतं का, बघा. ऑटोमॅटिक असेल तर चढावर थांबवून पुन्हा निघा. गिअर पडताना धक्का बसत असेल किंवा इंजिन गुरगुरतंय पण गाडी पुढे सरकत नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या. गिअरबॉक्सचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग खाऊन टाकतो. आणि थोडा वेळ दुसऱ्याला चालवायला देऊन तुम्ही मागे बसा. मागच्या चाकांचा आणि सस्पेन्शनचा आवाज तिथेच येतो.

सहावी पायरी: तुमचा मेकॅनिक, त्याचा नाही

मेकॅनिक तुमच्या ओळखीचा आणि विकणाऱ्याच्या अनोळखी हवा. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला सांगा, आणि गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावायला लावा. स्कॅनरवर ‘एकही दोष नाही’ दिसलं की बरेचजण खूश होतात. पण दोष आदल्या रात्री पुसलेलेही असू शकतात. म्हणून गाडीचा संगणक स्वतःच करतो त्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, हे त्याच स्कॅनरवर बघायचं. बऱ्याचशा अपूर्ण दिसल्या, तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलेली आहे. विकणारा मेकॅनिककडे न्यायला नकार देत असेल तर उत्तर मिळालं.

घासाघीस करताना आकडा हवेत फेकू नका. मेकॅनिकने सांगितलेल्या कामांची यादी समोर ठेवा आणि तेवढा खर्च वजा करा. नव्या गाडीत मात्र सूट मागताना दोन शोरूमची लेखी कोटेशन हातात असू द्या, आणि माथी मारलेली पॉलिश, कोटिंग, मॅट यांची ओळ आधी खोडा.

पैसे देण्यापूर्वी कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का, गाडीवर कर्ज शिल्लक नाही ना, हे तपासा. दोन्ही चाव्या मागून घ्या, कारण हरवलेली दुसरी रिमोट चावी नव्याने करायला चांगलीच महाग पडते. आणि चाकांना चोरी टाळणारा लॉक नट असेल तर त्याचा छोटा सॉकेट डिकीत आहे का ते बघा. तो नसेल तर पंक्चर झाल्यावर स्टेपनी असूनही चाक निघणार नाही.